एका शहराचा सायकल-हिशेब

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन हिच्या जुन्या भागास लागून काही लांबट तळी एका ओळीत पसरलेली आहेत. ह्या तळ्यांवरून शहरात येणारा एक पूल राणी लुईझा हिच्या नावाने ओळखला जातो. कामाच्या दिवशी सकाळी ह्या पुलाच्या कडेस कोणी उभा राहिला, तर सायकलींचा प्रवाह खंड न पडता समोरून जाताना त्यास दिसेल. त्यांत कचेरीत निघालेले कारकून असतात, विद्यार्थी असतात, आणि पुढे लाकडी पेटी बसविलेल्या सायकलीत दोन-दोन मुलांना घालून निघालेल्या माताही असतात. दिवसाकाठी तीस हजारांहून अधिक सायकली ह्या एका पुलावरून जातात. थंडीवाऱ्याच्या दिवसांत त्यांची संख्या घटते, पण प्रवाह आटत नाही.

हे दृश्य पुष्कळ प्रवाशांनी वर्णिलेले आहे, आणि ते वाचून आपल्याकडील वाचकास कौतुकही वाटते. परंतु ह्या पुस्तिकेचा विषय ते दृश्य नव्हे. आपले रस्ते सायकलस्वारासाठी अधिक चांगले व अधिक निर्धोक होत आहेत की नाहीत, हे एखाद्या शहराने कसे ओळखावे, हा आपला विषय आहे. प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. कोपनहेगनच्या नगरपालिकेने ह्यासाठी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकाच्या मध्यापासून एक प्रथा पाडली. दर दोन वर्षांनी ती एक छोटेखानी पुस्तिका प्रसिद्ध करते. तिच्या डॅनिश नावाचा शब्दशः अर्थ ‘सायकलींचा जमाखर्च’ असा होतो. ‘अहवाल’ हा शब्द येथे सहज वापरता आला असता. पण अहवालात आपण काय केले ते सांगावयाचे असते, तर जमाखर्चात शेवटी काय उरले तेही दाखवावे लागते. म्हणून नाव भाषांतरित करताना मूळ शब्दाची वाण्याच्या वहीशी असलेली सोयरीक तोडणे मला बरे वाटले नाही.

हे शहर पूर्वापार सायकलींचेच होते आणि म्हणून त्यास सर्व सोपे गेले, असा एक समज आढळतो. तो अर्धाच खरा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे सायकली पुष्कळ होत्या. डॅनिश सायकलस्वारांची संघटना १९०५ सालीच स्थापन झाली होती. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींचे युग आले, रस्ते त्यांच्यासाठी रुंद झाले, आणि सायकल मागे पडत गेली. १९७० साली शहराच्या मध्यभागात येणाऱ्या वाहनांची मोजणी झाली तेव्हा मोटारी सुमारे साडेतीन लाख व सायकली सुमारे एक लाख भरल्या. पुढे १९७३ च्या तेलटंचाईत रविवारी मोटारी चालविण्यास बंदी आली, आणि ओस पडलेले रस्ते लोकांनी डोळ्यांनी पाहिले. त्यानंतरच्या दहा वर्षांत नगरभवनापुढे हजारो सायकलस्वारांचे मेळावे भरले. जेथे सायकलस्वार मृत्यू पावले तेथे रस्त्यावर पांढरे क्रूस रंगविले गेले. आज जे मार्ग दिसतात त्यांतील पुष्कळांचे मूळ ह्या चळवळीत आहे. २०१६ साली त्याच प्रकारच्या मोजणीत सायकली २ लाख ६५ हजारांवर गेल्या, आणि मोटारी २ लाख ५२ हजारांच्या आसपास राहिल्या. सायकलींनी मोटारींस मागे टाकण्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

मोजणी कशी होते हेही पाहण्यासारखे आहे. काही ठिकाणी माणसे उभी राहून मोजतात. काही ठिकाणी रस्त्याच्या पृष्ठाखाली तारेचे वेटोळे पुरलेले असते व त्यातून दुर्बल विद्युत्प्रवाह खेळत असतो. वरून धातूची सायकल गेली की वेटोळ्याच्या चुंबकीय क्षेत्रात किंचित फरक पडतो, आणि यंत्र एक आकडा पुढे सरकते. २००९ मध्ये नगरभवनाजवळच्या रस्त्यावर असे एक यंत्र उभारले गेले, की ज्यावर त्या दिवशी आतापर्यंत किती सायकली गेल्या हे जाणाऱ्या-येणाऱ्यास वाचता यावे. त्याखेरीज लोकांच्या घरी विचारपूस करून, आपण अमुक दिवशी कोठे, कशासाठी व कोणत्या वाहनाने गेलात, हे टिपून घेतले जाते. रस्त्यावरची मोजणी व घरची विचारपूस ह्या दोहोंच्या मेळातून शहरात रोज एकंदर किती किलोमीटर सायकल चालविली जाते ह्याचा अदमास निघतो.

येथूनच हिशेबाच्या खाचाखोचा सुरू होतात. २०१२ च्या पुस्तिकेत एके ठिकाणी म्हटले आहे की कामावर वा शिक्षणासाठी जाणाऱ्यांपैकी ३६ टक्के सायकलीने जातात. आणि त्याच पुस्तिकेत ५२ टक्के असाही आकडा आहे. दोन्ही खरे आहेत. पहिल्यात, शहरात ज्यांचे काम अथवा शाळा आहे ते सर्व धरलेले आहेत, मग ते उपनगरांतून वा दूरच्या गावांहून येवोत; दुसऱ्यात केवळ शहराचे रहिवासी आहेत. अंश बदलला नाही तरी छेद बदलला की अपूर्णांक बदलतो, हे शाळेत शिकलेले गणित येथे मोठ्या माणसांच्या कामास येते. जाहिरात करावयाची असेल तर ५२ सांगावे, आणि रस्त्यांवरील गर्दीचा विचार करावयाचा असेल तर ३६ पाहावे. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापल्यामुळे वाचकाची फसगत टळते.

सुरक्षिततेच्या बाबतीत छेदाचे महत्त्व याहूनही अधिक आहे. १९९६ साली ह्या शहरात २५२ सायकलस्वार मृत्यू पावले अथवा गंभीर जखमी झाले. २०१० साली ही संख्या ९२ वर आली. हा उतार मोठा आहे; पण लोकांनी भीतीने सायकल चालविणेच सोडले असते, तरीही आकडा असाच उतरला असता! ज्या रस्त्यावर कोणी सायकल नेतच नाही तेथे सायकलीचा अपघातही होत नाही, आणि तो रस्ता कागदावर सर्वांत निर्धोक ठरतो. म्हणून किती अंतर चालविले गेले ते शेजारी मांडावे लागते. १९९६ मध्ये कामाच्या एका दिवशी सुमारे ९ लाख ३० हजार किलोमीटर सायकल चालविली जात होती. २०१० मध्ये हे अंतर १२ लाख १० हजारांवर गेले. अर्थात सायकली वाढल्या आणि दुखापती घटल्या. दोन्हींचा भागाकार केला असता, १९९६ मध्ये दर १२ लाख किलोमीटरांमागे एक गंभीर दुखापत होत असे, ती २०१० मध्ये दर ४४ लाख किलोमीटरांमागे एक होऊ लागली, असे निघते.

ह्या आकड्यांचे आकारमान मनात उतरावे म्हणून एक लहानसा हिशेब करू. रोज दहा किलोमीटर सायकल चालविणारा मनुष्य वर्षात ३,६५० किलोमीटर जातो. १२ लाख किलोमीटर पुरे करण्यास त्यास सुमारे ३२९ वर्षे लागतील, आणि ४४ लाखांस सुमारे १,२०० वर्षे. एकट्या माणसाच्या दृष्टीने दोन्ही काळ आयुष्याच्या पलीकडचे आहेत. पण शहर हे एका माणसाचे नसते. लाखो लोक रोज रस्त्यावर उतरले म्हणजे तेच ३२९ वर्षांचे अंतर दीड दिवसाच्या आत भरते, आणि कोणाच्या तरी घरी निरोप जातो.

पुढच्या हिशेबात मात्र एक विचित्र गोष्ट दिसते. २०१२ साली गंभीर दुखापती ९२ वरून १०२ झाल्या. मग शहर दोन वर्षांत अधिक धोक्याचे झाले काय? प्रथम छेद पाहिला पाहिजे: रोजचे अंतर आता १२ लाख ७० हजार किलोमीटर झाले होते, म्हणून दर दुखापतीमागचे अंतर ४४ वरून ४२ लाखांवर, म्हणजे थोडेसेच घसरले. दुसरे असे की, ज्या घटना तुरळक व परस्परांपासून स्वतंत्रपणे घडतात त्यांच्या संख्येत मुळातच चढउतार असतो, आणि स्थूलमानाने तो संख्येच्या वर्गमूळाएवढा असतो. शंभराचे वर्गमूळ दहा. म्हणजे परिस्थितीत तिळमात्र फरक न पडताही एखाद्या वर्षी ९२ व दुसऱ्या वर्षी १०२ असे आकडे येऊ शकतात. याउलट २५२ चे वर्गमूळ सोळाच्या आत आहे. तेव्हा २५२ वरून ९२ पर्यंतचा उतार केवळ योगायोगाने घडला असे म्हणता येणार नाही. दोन वर्षांच्या फरकावरून अभियंत्याला शाबासकी देणे किंवा दोष देणे, ही दोन्ही कामे म्हणूनच घाईची ठरतात.

आपल्या देशाकडे वळून पाहिले तर अंश आपल्याजवळ आहे व छेद नाही, अशी स्थिती आढळते. केंद्र सरकारचा रस्ते-अपघातांवरील वार्षिक ग्रंथ किती सायकलस्वार मृत्यू पावले हे राज्यवार सांगतो. परंतु किती किलोमीटर सायकल चालविली गेली त्याची नोंद त्यात नसते. कामावर कसे जाता, हा प्रश्न आपल्या जनगणनेत २०११ साली प्रथमच विचारला गेला. शेती व घरगुती उद्योग वगळून इतर कामे करणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलीने जातात, असे त्यातून दिसले. एके काळी सायकलींचे शहर म्हणून गाजलेल्या पुण्याच्या महानगरपालिकेने २०१७ च्या अखेरीस एक सर्वंकष सायकल-आराखडा मंजूर केला. असल्या आराखड्यात किती किलोमीटरांचे मार्ग बांधावयाचे हे ठळकपणे येते, आणि वृत्तपत्रांतही तोच आकडा छापला जातो. पण बांधलेल्या मार्गाची लांबी हा खर्चाच्या बाजूचा आकडा होय. जमेच्या बाजूस काय पडले, ते त्यावरून कळत नाही.

आता कोपनहेगनच्या हिशेबातील ज्या रकान्यासाठी मला हा विषय विशेष मोलाचा वाटला, त्याकडे येतो. नगरपालिका दर खेपेस सायकलस्वारांना विचारते: सायकल चालविताना आपणांस सुरक्षित वाटते काय? १९९६ साली ६० टक्के लोकांनी ‘वाटते’ असे उत्तर दिले. त्यानंतरची बारा वर्षे, वर सांगितल्याप्रमाणे, प्रत्यक्ष धोका एकंदरीत कमी होत गेला. २००८ साली गंभीर दुखापती १२१, म्हणजे निम्म्याहूनही कमी झाल्या होत्या. तेव्हा सुरक्षित वाटणाऱ्यांचे प्रमाण वाढावयास हवे होते. ते उतरले. २००६ मध्ये ते ५३ टक्के होते, आणि २००८ मध्ये ५१ टक्के. रस्ते निर्धोक होत होते, आणि लोक अधिकाधिक बिचकत होते!

लोकांचा समज चुकीचा आहे, असे म्हणून तो रकाना गाळून टाकणे सोपे होते. अधिकाऱ्यांजवळ दुखापतींचे उत्तम आकडे होते, आणि ते त्यांच्याच बाजूने बोलत होते. परंतु तो रकाना राहिला, व त्याच्या कारणांचा शोध घेतला गेला. एक कारण तर त्या यशातच दडलेले होते. सायकली वाढल्या, पण मार्गांची रुंदी तीच राहिली. दोन-सव्वादोन मीटर रुंदीच्या पट्ट्यावर सकाळच्या वेळी कोणी घाईने पुढे जाऊ पाहतो, कोणी मुलासह सावकाश चाललेला असतो, कोणी हात न दाखविता थांबतो. अशा धक्काबुक्कीत माणूस मरत नाही, क्वचित खरचटते. पण वृद्ध स्त्रीस किंवा दहा वर्षांच्या मुलास सायकल नकोशी होण्यास तेवढे पुरते. मोटारीने दिलेला धक्का पोलिसांच्या वहीत जातो. कोपराचा धक्का कोठेच जात नाही.

म्हणून रुंदी वाढविण्यावर भर आला. राणी लुईझाच्या पुलाला जोडलेल्या नॉरेब्रोगाडे ह्या गजबजलेल्या रस्त्यावर २००८ च्या शरद ऋतूत एक प्रयोग झाला: खाजगी मोटारींना त्यावरून सरळ आरपार जाण्यास प्रतिबंध केला आणि मोकळी झालेली जागा सायकलींस व पादचाऱ्यांस दिली. दुकानदारांची कुरकूर पुष्कळ झाली; तथापि प्रयोग पुढे कायम झाला. ह्याच रस्त्यावर त्याआधी दिव्यांचीही अशी मांडणी केली होती, की ताशी वीस किलोमीटरांच्या स्थिर वेगाने शहराकडे जाणाऱ्या सायकलस्वारास सकाळी एकामागून एक हिरवे दिवे मिळत जावेत. सुरक्षित वाटणाऱ्यांचे प्रमाण २०१० मध्ये ६७ टक्के व २०१२ मध्ये ७६ टक्के झाले. ह्या वाढीचे सारे श्रेय एकाच रस्त्यास वा एकाच उपायास देणे अशास्त्रीय होईल. आणि मौज अशी की, २०१० ते २०१२ ह्या दोन वर्षांत दुखापती किंचित वाढल्या होत्या. पूर्वी धोका उतरत असता भीती वाढत होती; आता दुखापतींचा आकडा चढला असता भीती ओसरली.

ह्या रकान्याचेही एक वैगुण्य सांगितले पाहिजे. ज्याने भयाने सायकल कायमची टांगून ठेवली, त्याचे मत सायकलस्वारांच्या टक्केवारीत येत नाही. भित्रे लोक रस्ता सोडून गेले की उरलेल्या धीटांत सुरक्षित वाटणाऱ्यांचे प्रमाण आपोआप वाढते. त्यामुळे हा आकडा एकंदर सायकलस्वारांच्या संख्येशेजारी ठेवूनच वाचावा लागतो.

वाटणे आणि असणे ह्यांतील अंतर किती सूक्ष्म जागी दडलेले असते, हे सॉरेन अंडरलीन जेन्सन ह्या डॅनिश संशोधकाने ह्याच शहरात दाखवून दिले. तेथील सायकलमार्ग मोटारींच्या रस्त्याहून एका लहानशा पायरीने उंच असतो, आणि पदपथाहून तितकाच खाली. असे मार्ग बांधण्यापूर्वीचे व नंतरचे अपघात जेन्सन ह्यांनी ताडून पाहिले. मार्ग झालेल्या रस्त्यांवर सायकलींची रहदारी सुमारे एक-पंचमांशाने वाढली, मोटारींची सुमारे एक-दशांशाने घटली, आणि सायकलस्वारांना अधिक सुरक्षित वाटू लागले. परंतु अपघात? दोन चौकांच्या मधल्या भागांत ते सुमारे १० टक्क्यांनी कमी झाले. चौकांत मात्र सुमारे १८ टक्क्यांनी वाढले.

कारण विचार करण्यासारखे आहे. डेन्मार्कमध्ये वाहने उजव्या बाजूने चालतात. उजवीकडे वळणारी मोटार सरळ जाणाऱ्या सायकलीचा मार्ग छेदते; आपल्याकडे डावीकडे वळणाऱ्या मोटारीने हेच घडेल. मधल्या भागात पायरीमुळे दोघे वेगळे असतात, एकमेकांस विसरतात, आणि चौकात अकस्मात समोरासमोर येतात. शिवाय मार्गासाठी रस्त्याच्या कडेची मोटारी उभ्या करण्याची जागा काढून घेतली जाते. त्यामुळे जागेच्या शोधात अधिक मोटारी बाजूच्या गल्ल्यांत वळतात, आणि वळणे वाढली की गाठी वाढतात. म्हणजे सायकलमार्गाची खरी परीक्षा तो जेथे संपतो त्या दहा-वीस मीटरांत होते. ‘इतके किलोमीटर मार्ग’ ह्या आकड्यात त्या दहा-वीस मीटरांना काहीच वजन नसते.

चौकांतील धोक्यावर शहराने पुष्कळ उपाय योजले आहेत. मोटारींची थांबण्याची रेषा सायकलींच्या रेषेमागे काही मीटर सरकविली जाते, म्हणजे उंच ट्रकाच्या चालकासही पुढचा सायकलस्वार दिसतो. सायकलींस हिरवा दिवा काही सेकंद आधी दिला जातो. आणि चौक ओलांडण्याची वाट निळ्या रंगाने रंगविली जाते. ह्या निळ्या पट्ट्यांविषयीही जेन्सन ह्यांनी पासष्ट चौकांचा अभ्यास केला. चौकात एकच पट्टा असेल तर अपघात १० टक्क्यांनी कमी होतात. दोन असतील तर ते २३ टक्क्यांनी वाढतात, आणि चार असतील तर ६० टक्क्यांनी! चालकाची नजर खालच्या रंगाकडे ओढली जाते. पुढची मोटार थांबल्याचे किंवा तांबडा दिवा लागल्याचे त्याच्या ध्यानात येत नाही, असा ह्याचा अर्थ लावण्यात आला. एक गोळी गुणकारी ठरली म्हणून चार घेणाऱ्या रोग्याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

हे सर्व आकडे पोलिसांच्या नोंदींवर उभे आहेत, आणि तेथेही एक फट आहे. ओल्या पानांवरून घसरून किंवा खड्ड्यात चाक जाऊन जो एकटाच पडतो, तो पोलिसांकडे जात नाही. तो रुग्णालयात जातो. डेन्मार्कमध्ये जेथे जेथे रुग्णालयांच्या नोंदवह्या पोलिसांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या गेल्या, तेथे जखमी सायकलस्वारांपैकी थोडेच पोलिसांच्या कागदांवर आढळले. जेथे मोटारीशी टक्कर झाली तो चौक नकाशावर लाल होतो. जेथे दर पावसाळ्यात लोक घसरतात ती फरसबंदी कोरीच राहते.

२००७ साली कोपनहेगनच्या नगरपालिकेने काही उद्दिष्टे जाहीर केली होती. २०१५ पर्यंत शहरात कामावर व शिक्षणासाठी जाणाऱ्यांपैकी निदान ५० टक्क्यांनी सायकल वापरावी, आणि ८० टक्के सायकलस्वारांना सुरक्षित वाटावे, अशी ती होती. २०१४ च्या हिशेबात पहिला आकडा ४५ व दुसरा ७४ आला. मुदत उलटून गेल्यावर, २०१६ मध्ये, पहिला ४१ पर्यंत उतरला. २०१८ मध्ये तो ४९ झाला व दुसरा ७७. पन्नासास एक कमी होता. पुस्तिकेत ४९ असेच छापलेले आहे.